मिठाचा कोनाडा

ए नेल, थांब! तो बूट नको टाकूस कचऱ्यात! ठेव, ठेव खाली तो. हो, एकच आहे. डावा? नाही, उजवा. डावा नाहीये माझ्याकडे. हरवला नाही गं, मला चांगलं माहितीये तो कुठे आहे ते. भिंतीत आहे. हसू नका! खरंच भिंतीत आहे. बरं, खोकी राहू देत तशीच, बसा सगळे, त्या गादीवरच बसा, चहा करा कुणीतरी, मी सांगते. पण मधे मधे बोलायचं नाही.

तर माझ्या बाबांची एक आत्या होती, लव्हडे नावाची. बाबा तिला आत्या म्हणायचे म्हणून मीपण आत्याच म्हणायचे, आणि ती मला पाखरा म्हणायची. ती डेव्हनमध्ये राहायची, टॅडलकॉम नावाचं गाव आहे, गाव म्हणजे काय, एक चर्च, एक दारूचा गुत्ता आणि बाकी सगळ्या मेंढ्या. तिथं तिचं घर होतं. मातीच्या भिंती, वर गवताचं छप्पर, तीनशे वर्षांचं तरी असेल. मी सहा वर्षांची असल्यापासून प्रत्येक सुट्टीत तिथे. आई-बाबा एक्सेटरला बसमध्ये बसवून द्यायचे आणि आत्या फाटकापाशी उभी असायची, हातात काहीतरी असायचंच, वाटाण्याच्या शेंगा नाहीतर कोंबडी.

आता ते घर कसं होतं सांगू? म्हणजे त्या घरात एकसुद्धा सरळ रेघ नव्हती. जमीन उतरती. वाटाणा पडला ना हातातून, की तो गडगडत गडगडत थेट फडताळाखाली जायचा, आणि वर्षातून एकदा आत्या फडताळ सरकवायची, त्याच्याखाली वाटाणे, बटणं, एक गोटी, कोणाचातरी दुधाचा दात. दात माझा होता, मला वाटतं. जिना कपाटात! म्हणजे तुम्हाला वाटणार कपाट आहे, दार उघडलं की जिना. दुसऱ्या पायरीला करकर होती आणि पाचवीला नव्हती, आणि पाचवी का करकरत नाही याचं आत्याला फार वाईट वाटायचं. खिडकीचा कट्टा एवढा रुंद, भिंतच दोन हात जाड ना, की मी आडवी झोपून वाचायचे त्यावर, उशी घेऊन. आणि दाराची कडी! अंगठ्याने दाबायची लोखंडी कडी, टक्-खळ्. तो आवाज आला की कळायचं कोण आलंय. आत्याचा टक्-खळ् वेगळा, टपालवाल्याचा वेगळा. मला आजही लिफ्टचं दार बंद झालं की वाटतं, अरे, खळ् कुठे गेला?

आणि ते तुळईचं. स्वयंपाकघराच्या दारावर एक तुळई होती, इतकी खाली की आत्या सोडून सगळ्यांचं डोकं आपटायचं. आत्या चार फूट अकरा इंच. तिने त्या तुळईला जुना लोकरी पायमोजा गुंडाळून ठेवला होता. तिचा मुलगा क्लेम, म्हणजे आमचा क्लेमकाका, त्या घरात जन्मला, वाढला, पन्नाशीला आला, तरी दर रविवारी त्याचं डोकं तिथे आपटायचं. दर रविवारी! ‘आई, ही तुळई!’ आणि आत्या पाठमोरीच, किटली भरत, ‘ती तिथेच असते रे राजा.’

पण मला सांगायचंय ते दोन गोष्टींबद्दल. एक म्हणजे चुना. त्या घराला बाहेरून दर मे महिन्यात चुना लागायचा. आत्या मागच्या पडवीत एका पिंपात चुना भिजत घालायची, त्यात थोडी चरबी, थोडी पिवळी माती, रंग असा लोण्यासारखा व्हायचा. पण तो चुना अंगाला लागायचा. भिंतीला टेकलं की खांदा पांढरा. गावात कुणीही बघितलं की म्हणायचं, ‘लव्हडेकडून आलीस होय?’ शाळेच्या कोटावर पांढरं, बसमध्ये पांढरं, आई वैतागायची. मला आवडायचं ते. म्हणजे मी कुठून आले ते लोकांना सांगावंच लागायचं नाही.

आणि दुसरी गोष्ट मिठाचा कोनाडा. चुलीच्या बाजूला, पश्चिमेच्या भिंतीत, हाताच्या उंचीवर एक छोटा कोनाडा होता, त्याला एवढंसं लाकडी दार, चामड्याच्या बिजागऱ्या. त्यात मीठ. नुसतं, उघडं, एका मातीच्या वाडग्यात. डबा नाही, झाकण नाही. भिंत आणि चूल मिळून ते मीठ कोरडं ठेवायचे. कितीही पाऊस असू दे, कितीही धुकं असू दे, चिमटीत घेतलं की वाळूसारखं सुळ्ळकन सुटायचं. आत्या म्हणायची, ‘मीठ कोरडं तोवर घर निरोगी.’ ती म्हणायची म्हणजे ते तिचं हवामानखातंच होतं. सकाळी उठून आधी मीठ बघायची, मग आकाश.

बरं, आता ऐका. मी पंधरा वर्षांची होते. आत्या ऐंशीची. मार्चमध्ये ती कोंबड्यांच्या मागे पळताना पडली आणि खुबा गेला. एक्सेटरला ऑपरेशन, मग तीन आठवडे तिथेच. आणि ती बिछान्यात पडल्या पडल्या कसली काळजी करत होती माहितीये? मे महिना येतोय, चुना कोण लावणार. शिडीवर आता कोण चढणार.

मग मला ती भन्नाट कल्पना सुचली. हो, मलाच. क्लेमकाकाला मी म्हटलं, आपण ना, आत्या यायच्या आत घर रंगवून टाकू. चुना नाही, खरा रंग! म्हणजे दरवर्षीची कटकटच नको. काका म्हणाला, ‘टॅमझिन, हे पहिल्यांदा कुणीतरी अक्कल वापरून बोललं या घराबद्दल.’ आम्ही दुकानात गेलो, रंग मी निवडला, प्लॅस्टिकचा, चकचकीत पांढरा, डब्यावर लिहिलेलं की पंधरा वर्षं पाऊस आत येणार नाही. पंधरा वर्षं! मी हिशेब केला की तोवर मी तीस वर्षांची असेन आणि आत्याला पुन्हा शिडीच नको. ईस्टरची अख्खी सुट्टी आम्ही रंगवत होतो. काकाने खाली जोत्याजवळ भेगा होत्या त्या सिमेंटने बुजवल्या. काका शिट्टी वाजवत होता! मी त्याला कधी शिट्टी वाजवताना ऐकलं नव्हतं. एकदा शिडीवरूनच म्हणाला, ‘लहानपणी मी इथून पडलो होतो, या खिडकीतून, खालच्या गवतात,’ आणि परत शिट्टी.

आत्या आली. गाडीतून उतरली, काठी टेकली, वर बघितलं. मी फाटकाशी उभी, केसात रंग, नाकाला रंग. तिने घराकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. परत घराकडे. आणि म्हणाली, ‘अगं बाई. कित्ती छान. चमकतंय की गं, दातासारखं.’ आणि माझ्या गालाचा पापा घेतला. मी तर ढगात!

त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा माझा खांदा पांढरा झाला नाही. मला ते जाणवलं होतं, शप्पथ. बसमध्ये बसल्यावर मी खांदा बघितला, काळाच्या काळा कोट. कसंतरीच झालं. पण मी कुणाला बोलले नाही, म्हटलं, हेच तर हवं होतं ना आपल्याला.

मग हिवाळा गेला, आणि पुढच्या ईस्टरला मी गेले तर घराला वास. असा ओल्या कुत्र्यासारखा. आत्या खोकत होती. मी अंडं उकडलं, कोनाड्याचं दार उघडलं, मिठात बोटं घातली तर काय, ढेकूळ. ओलं, घट्ट ढेकूळ. चमच्याने फोडावं लागलं. मी म्हटलं, ‘आत्या, मीठ!’ तर ती म्हणाली, ‘हो गं, यंदा पाऊस फार झाला,’ आणि घाईघाईने पावावर लोणी लावायला लागली. तिसऱ्यांदा, त्याच तुकड्यावर.

पश्चिमेच्या भिंतीला आतून फुगवटा आला होता, पोट सुटल्यासारखा. हात लावला की गार. क्लेमकाका रविवारी आला, त्याने तो फुगवटा बघितला, आईचा खोकला ऐकला आणि डोकंसुद्धा आपटून घेतलं नाही, वाकून आत आला. तेव्हाच मला कळलं की काहीतरी गंभीर आहे.

‘आई, हे घर संपलं,’ तो म्हणाला. ‘डॉक्टरांनी काय सांगितलंय? ओलीत राहायचं नाही. माझ्या इमारतीत तळमजल्याची जागा रिकामी होतेय. कोरडी आहे, गरम आहे, मी वरच्या मजल्यावर आहे.’

‘तिथे खिडकीत बसता येतं का?’

‘आई!’

‘विचारलं नुसतं.’

शेवटी ठरलं असं, की सप्टेंबरच्या अखेरपर्यंत भिंत कोरडी झाली तर ठीक, नाहीतर आत्या एक्सेटरला जाणार आणि घर विकायचं. आत्याने शब्द दिला. आणि ती शब्द दिला की दिला. चर्चमधल्या बाईंना एकदा मुरंबा देईन म्हणाली होती तर तापात उठून केला होता.

मी गप्प बसू शकत नव्हते. गावात एमोस लक्स्टन म्हणून एक म्हातारा होता, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, आयुष्यभर मातीच्या भिंती बांधल्या त्याने, आता कुणी बांधत नाही म्हणून गुत्त्याच्या बाहेर बसायचा. मी त्याला हाताला धरून घेऊन आले. तो थेट भिंतीपाशी गेला. भिंतीवर बोटाची पेरं वाजवली. भद्. भद्. मग खिशातून चाकू काढला आणि माझ्या त्या चकचकीत पांढऱ्या रंगाला एवढीशी चीर दिली. तर आतून पाणी आलं! खरंच पाणी, अशी धार नाही पण थेंब थेंब, जसं काही कुणी रडतंय.

‘कुनी लावला ह्यो रंग?’ एमोस म्हणाला.

मी म्हटलं, ‘का? काय झालं?’

‘अगं पोरी, मातीची भित हाय ती. पावसाचं पानी पिती आन् वाऱ्यावर सोडती. चुन्यातनं तिला श्वास घेता येतो. तू तिला रेनकोट घातलास आन् गळ्यापात्तुर बटनं लावलीस. आतल्या आत गुदमारली बिचारी.’ तो म्हणाला, ‘तू लावलास नव्हं?’

 माझे कान इतके गरम झाले होते.

बघा ना, म्हणजे मी! मला त्या घराची सगळ्यात जास्त माया, क्लेमकाकापेक्षा, बाबांपेक्षा, आणि मीच. मी मागच्या दाराने आत गेले. आत्या वाटाणे सोलत होती. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, ‘आत्या, भिंत मी बिघडवली. तो रंग. एमोस म्हणाला.’

आत्याने शेंग सोलली, वाटाणे वाडग्यात टाकले. ‘मला ठाऊक आहे पाखरा.’

‘कधीपासून?’

‘हॉस्पिटलमधून आले त्या दिवसापासून. गाडीतून उतरले ना, तेव्हाच.’

मी ओरडलेच. ‘मग बोलली का नाहीस!’

‘कशी बोलणार? तू तिथे फाटकाशी उभी होतीस. केसात रंग. तुझ्या तोंडावर असा... माझ्याच्यानं नाही बोलवलं.’

‘पण दुसऱ्या दिवशी बोलायचं!’

‘दुसऱ्या दिवशी तू कोंबड्यांचं खुराडंही रंगवायला घेतलंस. मग म्हटलं, उद्या सांगू. मग पुढच्या आठवड्यात. मग क्लेमने सगळ्या गावाला सांगितलं की आईला किती आवडलं. आणि एकदा कित्ती छान म्हटल्यावर सहा महिन्यांनी, नाही हो, छान नाही, असं म्हणणं बरं दिसतं का?’

ए, हसताय काय! आपण सगळे असेच आहोत. नेल, तू त्या केस कापणाऱ्या बाईला काय म्हणालीस मागच्या महिन्यात? ‘खूपच सुंदर, थँक्यू,’ आणि जास्तीचे पैसे देऊन आलीस, आणि मग घरी येऊन टॉवेलमध्ये तोंड घालून रडलीस. तेच ते. फक्त आत्याचे केस नव्हते, तीनशे वर्षांचं घर होतं. ती स्वतःच्या घराची भिंत पडू देणार होती, पण मला वाईट वाटू देणार नव्हती.

‘आणि क्लेमला सांगू नकोस हं,’ ती म्हणाली. ‘तो शिट्टी वाजवत होता म्हणे.’

जून संपला, शाळा सुटली, आणि मी दुसऱ्याच दिवशी तिथे. एमोस म्हणाला, सगळा रंग खरवडायचा, कापडासारखा सोलून काढायचा, सिमेंट फोडायचं, आणि मग वाट बघायची. मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत खरवडत होते. त्या रंगाच्या अशा लांब लांब पट्ट्या निघायच्या, उन्हाने भाजलेल्या कातडीसारख्या, आणि खालची माती काळी, ओली, तिला हात लावला की जाणवायचं, हाऽऽ करून श्वास सोडतेय. आत्या खुर्ची टाकून बसायची, काठीने दाखवायची, ‘तिकडे राहिलं. वर. तुझ्या कानाच्या वर.’

आणि एका रविवारी, मी शिडीवर, अर्धा रंग अंगणात, फाटक वाजलं. क्लेमकाका.

‘हे काय चाललंय? पंधरा वर्षांची हमी आहे त्याची!’

आत्या लगेच म्हणाली, ‘अरे, जरा रंगाचा कंटाळा आला मला...’

‘आत्या, नाही,’ मी म्हटलं. मी शिडीवरून उतरले.  ‘काका, आपल्या रंगानेच भिंत भिजली. तुझ्या सिमेंटनेपण. माती श्वास घेते. आत्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण तिने आपल्याला सांगितलं नाही.’

काकाने आईकडे बघितलं. आईने चपलेकडे बघितलं.

‘पहिल्या दिवसापासून?’

‘तू किती खुशीत होतास रे क्लेम,’ आत्या म्हणाली.

काका लाल झाला. इतका लाल की मला वाटलं ओरडणार. पण तो वळला आणि गाडीत जाऊन बसला. सुरू नाही केली. नुसता बसला, दोन्ही हात स्टिअरिंगवर. किती वेळ, मी तर एक अख्खी पट्टी खरवडली. मग तो आला, गळ्यातला टाय काढला, आणि म्हणाला, ‘खरवडणी कुठे आहे दुसरी?’ पण जाताना परत म्हणाला, ‘शब्द शब्द आहे हं आई. सप्टेंबर अखेर. तुझ्या छातीशी खेळ नको.’ आणि त्याचं बरोबरच होतं. ती रात्रभर खोकायची, मला तर भिंतीपलीकडून ऐकू यायचं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ती फुगलेली जागा कोसळली. खिडकीखालची, एका गाईएवढा तुकडा, सकाळी, आम्ही चहा पीत असताना. धप्प. दार उघडलं तर अंगण आणि स्वयंपाकघर एकच झालेलं, मधून एक कोंबडी आत येऊन उभी. मी रडायलाच लागले. एमोस आला, त्याने बघितलं आणि म्हणाला, ‘ब्येस झालं. जे मेलं हुतं ते पडलं. बाकीची भित जित्ती हाय.’

तो फावड्याने माती ओढत होता आणि मधेच थांबला. वाकला. आणि टोपी काढली. मातीत एक बूट होता. लहान मुलाचा, चामड्याचा, वाळून मनुक्यासारखा झालेला, माझ्या तळहातात मावेल एवढा. ज्यांनी घर बांधलं त्यांनी घातलेला. पूर्वी घालायचे ना, वापरलेला बूट भिंतीत, चुलीपाशी नाहीतर खिडकीपाशी, घराला राखण म्हणून. आत्या म्हणाली, ‘तो बाहेर ठेवू नका. आत आणा.’ आणि भिंत पुन्हा उभी राहीपर्यंत ती तो बूट एप्रनच्या खिशात घेऊन फिरत होती. कोंबड्यांना दाणे घालतानासुद्धा.

आणि मग भिंत बांधायची कशी माहितीये? नवी माती आणायचीच नाही! जी पडली तीच. तीच माती फोडायची, पाणी घालायचं, पेंढा घालायचा, आणि तुडवायची. पायांनी. मी कॅनव्हासचे पिवळे बूट घातले होते, एमोस म्हणाला, ‘काढ,’ मी म्हटलं नाही काढणार, आणि मग काय, गुडघ्यापर्यंत. चार दिवस तुडवली. टपालवाला आला, त्याने पत्रं दिली, बूट काढले आणि अर्धा तास तुडवून गेला. चर्चमधल्या बाई सायडरचा, म्हणजे सफरचंदाच्या दारूचा, बाटला घेऊन आल्या आणि त्यासुद्धा झगा वर खोचून आत. आणि क्लेमकाका शनिवारी आला, पँट वर दुमडली, त्याच्या पांढऱ्याफटक पिंडऱ्या बघून आत्या एवढी हसली की तिला खोकला आला आणि खोकताना ती हसत होती. ‘लहानपणी तुला चिखलातून बाहेर काढायला मला दोन माणसं लागायची रे!’

एमोस भिंत रचायला लागला, थरावर थर, दातेरी काट्याने ढेकळं टाकून पायाने दाबत. अर्ध्यावर आल्यावर आत्याने खिशातला बूट काढून दिला. एमोसने तो आत ठेवला, मग माझ्याकडे बघून म्हणाला, ‘तुजाबी घाल एक.’

‘माझा?’

‘ह्ये थर तुज्या पायानं झालंत.’

मी तिथल्या तिथे डावा बूट काढला. ओला, चिखलाचा, पिवळा कुठला ते कळतसुद्धा नव्हतं. तो त्या छोट्या बुटाशेजारी गेला, वरून माती, वरून एमोसचा पाय. मी एका पायात बूट घालून घरभर हिंडले दिवसभर.

आणि मग पाऊस. बाई गं, तो ऑगस्ट! रोज. आम्ही ताडपत्री लावायची, ऊन आलं की काढायची, ढग आला की परत लावायची, दिवसातून सात वेळा. शाळा सुरू झाली तरी मी दर शुक्रवारी बसने जायचे. कोनाड्याचं दार उघडायचे. ढेकूळ. पुढच्या शुक्रवारी, ढेकूळ. आत्याने पेट्या भरायला घेतल्या होत्या. कुणाला सांगून नाही, हळूहळू. फडताळावरच्या बशा कमी व्हायला लागल्या. एकदा मी म्हटलं, ‘आत्या, नको ना भरूस,’ तर म्हणाली, ‘भरलेल्या बशा काढता येतात गं,’ आणि तुळईचा पायमोजा काढून त्याची घडी घातली. तो बघून मला जास्त रडू आलं. आणि तुम्हाला सांगते, मी तेव्हा डोकं आपटून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा. तेवढी उंच झाले होते मी, आणि कळलंच नव्हतं.

सप्टेंबरच्या मध्याला वारं फिरलं. पूर्वेकडचं, कोरडं, ओठ फोडणारं. आठ दिवस. एमोस रोज येऊन भिंतीला गाल लावून उभा राहायचा, डोळे मिटून. विचारलं तर नुसतं ‘हं’. आणि आत्याने कोनाड्यात नवं मीठ घातलं होतं आणि मला उघडू देत नव्हती. ‘शेवटच्या रविवारी,’ म्हणाली. ‘क्लेमच्या समोर. नाहीतर ती फसवणूक.’

शेवटचा रविवार. क्लेमकाका आला. टक्-खळ्. तुळईवर पायमोजा नाही, त्याने डोकं असं आपटलं की बशा वाजल्या. कुणी हसलं नाही. आत्याने तीन अंडी उकडली. टेबलावर लोणी, पाव, अंडी. मीठ नाही. आत्या म्हणाली, ‘क्लेम, जरा मीठ घे रे बाळा.’

तो उठला. ते एवढंसं दार उघडलं. आत हात घातला. मी बघूच शकत नव्हते, मी फडताळाखालच्या अंधाराकडे बघत होते. काकाने चिमटी उचलली, अंड्यावर नेली आणि बोटं चोळली.

सुळ्ळकन.

म्हणजे आवाज नसतो हो मिठाला, पण मी ऐकला. ते त्याच्या बोटांतून असं सुटलं, वाळूसारखं, अंड्यावर, ताटलीवर, टेबलावर. तो बघत राहिला. परत चिमटी घेतली. परत सोडली. तिसऱ्यांदापण. अंडं पांढरं झालं नुसतं. आणि मग त्याने ते खाल्लं. अख्खं. डोळ्यातून पाणी येईपर्यंत खारट असणार. खाऊन झालं, रुमालाने तोंड पुसलं आणि म्हणाला, ‘मीठ जरा कमी पडलं, आई.’

आत्या उठली, पेटीतला पायमोजा काढला आणि त्याच्या हातात दिला. ‘बांध वर. माझा हात पोचत नाही.’

ती आणखी चार वर्षं राहिली तिथे. खोकला गेला. दर मे महिन्यात क्लेमकाका आणि मी चुना लावायचो, तो शिडीवर, मी खाली, आणि बसमध्ये माझा खांदा परत पांढरा. ती गेली ती वरच्या खोलीत, तिच्या पलंगावर, खिडकी उघडी, छपरात चिमण्या. दोन वर्षं झाली. काकाने घर विकलं, एक नवराबायको आहेत, बाळ आहे त्यांना. चुन्याचं काकाने त्यांच्याकडून लिहून घेतलंय. हो, खरंच, कागदावर!

शेवटच्या दिवशी आम्ही दोघंच होतो. सगळं रिकामं. बशा नेल्या, खुर्च्या नेल्या, उशी मी घेतली. काकाने दार ओढलं, खळ् झालं, आणि तो तिथेच उभा. मी म्हटलं, ‘काका, मीठ राहिलं आत.’ त्याने कडीवर अंगठा ठेवला होता. काढला.

‘राहू दे,’ म्हणाला.

तर नेल, तो बूट दे इकडे. नाही, पुसू नकोस, ती माती आहे ना तळव्याला, ती तिथलीच आहे.